दूरस्थ समुपदेशन आणि एकान्ताचा प्रश्न

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. गावच्या वैद्याला, घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा जिवाभावाच्या मित्रालाही जे विचारण्याची छाती होत नव्हती, ते शेकडो कोसांवरच्या एका अनोळखी संपादकाला पत्रातून विचारणारी माणसे या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, हे त्यानंतर हळूहळू उघड होत गेले. आणि त्या प्रश्नांना दिलेल्या छापील उत्तरांपायी १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला उभा राहिला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेऊनही निकाल विरुद्धच लागला. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे निवर्तले व त्यांच्यामागे ते मासिकही बंद पडले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने, जीव नकोसा झालेल्या माणसांनी कोणत्याही घटकेस आपणांस दूरध्वनी करावा, अशी तजवीज केली आणि तिच्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. समोर नसलेल्या माणसाच्या दुःखाला उत्तर देण्याचा उद्योग, तात्पर्य, मोबाईलबरोबर जन्मास आलेला नाही. टपालाच्या पेटीत आणि दूरध्वनीच्या तारेत तो आधीच रुजलेला होता.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की ‘ऑनलाइन समुपदेशन’ म्हटले की सुशिक्षित माणसाच्या मनात प्रथम उणिवेचा विचार येतो. समोरासमोर बसून जे व्हावे ते नाइलाजाने पडद्यावरून होत आहे, आणि प्रत्यक्ष भेटीची ही निकृष्ट नक्कल केवळ अडचणीपोटी चालवून घ्यावयाची आहे, असा तो समज. प्रस्तुत पुस्तिकेची लेखिका हिंगोली जिल्ह्यातील माता व प्रौढ यांना दूरध्वनीवरून आणि पडद्यावरून मानसिक आधार देण्याचे काम करते. आपले नाव मुखपृष्ठावर घालण्यास तिने साफ नकार दिला, कारण लहान जिल्ह्यात समुपदेशिकेचे नाव गाजले की तिच्याशी बोलणाऱ्या बायकाही ओळखू येऊ लागतात. वर सांगितलेला समज तिच्या लिखाणाने बराचसा खोटा ठरतो. तिचे म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडतो: या कामात अंतर ही अडचण नव्हे; अडचण आहे ती एकान्ताची, आणि एकान्त मिळवून देणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

ज्या मुलखात हे काम चालते त्याची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात भरली आणि तीतील बहुसंख्य माणसे खेड्यांत राहणारी. कयाधूच्या काठचे नर्सी नामदेव, औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि वसमतची हळद यांमुळे हा मुलूख बाहेरच्यांस ठाऊक असतो. त्याच्या मनःस्वास्थ्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी केली. शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ती पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही, आणि हिंगोलीकराला त्यांपैकी जवळचे म्हणावे असे नागपूर गाठावयाचे तर अडीचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने प्रौढांपैकी दर शंभरांत दहाहून थोड्या अधिकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दाखविले, आणि उदासीनता व चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांत बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत हेही नोंदविले. ज्या जिल्ह्याला सगळ्या राज्यात मागे गणले जाते, तेथे ही दरी किती रुंद असेल याचा अंदाज वाचकाने आपल्या मनाशी बांधावा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करावी, ज्याच्या बोलण्यात धोक्याची चिन्हे दिसतील त्याला जिल्हा रुग्णालयाकडे वळवावे, आणि १०४ या क्रमांकावर समुपदेशन मिळावे अशी त्याची बांधणी होती. हिंगोली त्या चौदांत आहे. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्याच दिवसांत केंद्राने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जे आजवर खासगीत, भीतभीत चालत होते त्याला अधिकृत मुभा मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू होऊन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलण्याची सोय झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेची ‘मैत्र’ ही दूरध्वनी सेवाही आता या क्षेत्रात जुनी झाली. क्रमांकांची वाण आता राहिलेली नाही. तो क्रमांक फिरविण्याइतकी जागा आणि वेळ घरात कोणाला आहे, हा प्रश्न मात्र कोणत्याही परिपत्रकात सुटलेला नाही.

आईचे उदाहरण घेऊ. बाळंतिणीच्या उदासीनतेवर डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात केलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात आजही आधारभूत मानला जातो. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी दर शंभरांत सुमारे तेवीस उदासीनतेने ग्रासलेल्या आढळल्या. त्यांतील बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती. आणि दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, तसेच मुलाची आशा असताना मुलगी होणे ही कारणे ठळकपणे पुढे आली. या शेवटच्या कारणाने मला आश्चर्य वाटले नाही, आणि वाचकासही वाटणार नाही.

आपल्याकडे बाळंतपणाची व्यवस्था अगदी तपशीलवार लावलेली असते. बाजेखाली शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे व अहळिवाचे लाडू, पाचवीची पूजा, सव्वा महिना बाहेरचे काम नाही: शरीरासाठी इतका बंदोबस्त अन्य कोणत्या समाजात असेल तो असो, परंतु या साऱ्या थाटात ‘मला आनंद होत नाही’ असे म्हणण्याची सवलत कोठेच ठेवलेली नाही. बाळंतीण रडली तर दृष्ट काढतात, गप्प राहिली तर अंगारा आणतात, आणि लेकराला जवळ घेईना तर ‘आजकालच्या पोरी’ असा शेरा मारून मोकळे होतात. जात्यावरच्या ओव्यांतून जुन्या बायका आपले मन मोकळे करीत असत, असे आपल्या साहित्यात कौतुकाने सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. ओवी गाताना सासूही त्याच ओसरीवर असे, आणि म्हणून गाणारीला स्वतःचे दुःख सीतेच्या वनवासावर घालावे लागे. उघड्यावर सांगितलेले दुःख वेष पालटूनच बाहेर पडते, हा त्यातला धडा समुपदेशिकेने घेण्यासारखा आहे.

एडिंबरा येथे जॉन कॉक्स व सहकाऱ्यांनी १९८७ साली सिद्ध केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली जगभर बाळंतिणींसाठी वापरली जाते; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, आणि दहावा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयीचा. साधन चांगले आहे. पण तीच प्रश्नावली सासू दाराशी तांदूळ निवडीत असताना फोनवरून विचारली, तर दहाही प्रश्नांना ‘बरं हाय’ असेच उत्तर येणार आणि गुणांची बेरीज निर्धोक भरणार. लेखिकेने या पुस्तिकेत गुणांचा तक्ता शेवटी टाकला आहे आणि प्रारंभी दुसरेच काही प्रश्न घातले आहेत, त्याचे कारण हे: फोन कोणाचा? तो रात्री कोणाजवळ असतो? बोलणे आपोआप मुद्रित होते काय? आत्ता तुम्ही कोठे बसला आहात, आणि तेथून कोणाला ऐकू जाते? फोन मध्येच तुटला तर पुन्हा कोणी करावयाचा, तुम्ही की मी? काही अघटित वाटले तर गावातल्या कोणाला कळविलेले तुम्हांला चालेल?

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरावयास स्वतःचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात निम्म्याहून किंचित अधिक भरल्या, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया तर एक-तृतीयांशच. ‘ऑनलाइन’ या शब्दाने शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वतंत्र खोली, मेज आणि चमकणारा पडदा उभा राहत असेल, तर तो त्याने बाजूला सारावा. येथे चित्र बहुधा नसतेच, आवाज असतो. आणि तोही गच्चीवर किंवा गोठ्यात, जेथे ‘रेंज’ मिळते तेथे.

अनेकींच्या हकीकती मिसळून, कोणाचीही ओळख पटू नये अशा बेताने लेखिकेने एक प्रसंग रेखाटला आहे. वसमतकडील एक बावीस-तेवीस वर्षांची सून. मूल तीन महिन्यांचे. दुपारी आत्याबाई पडल्या की ती गोठ्यात जाते, कानाला इयरफोन, पदर वरून. पहिल्या दिवशी ती इतकेच म्हणाली, “ताई, लेकराकडं बघू वाटंना, अन् लेकराबिगर राहूबी वाटंना.” त्यानंतर बराच वेळ केवळ गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत राहिला, आणि समुपदेशिकेने तो येऊ दिला. दोघींमध्ये एक संकेत ठरला होता: कोणी जवळ आले की सुनेने म्हणावयाचे, “हळद अजून वाळली नाही.” मग समुपदेशिका त्या क्षणी विषय सोडून हळदीच्या कढया, पॉलिश, वसमतच्या बाजारातला भाव यांवर बोलत राही, आणि पुन्हा एकान्त झाला की तुटलेल्या वाक्यापासून सुरुवात होई. हळदीचे तिला इतके ज्ञान झाले, की एखाद्या आडत्याने तिला दुकानी बसवावे! मध्येच मूल रडले की सून ओशाळून ‘ठेवते’ म्हणे. समुपदेशिका तिला फोन चालूच ठेवावयास सांगे, कारण आई मुलाला कशी उचलते, काय बोलते, किती वेळाने बोलते हे ऐकण्याची संधी दवाखान्यातल्या खोलीत तिला कधीच मिळाली नसती. पन्नास मिनिटांची ठराविक बैठक येथे चालत नाही. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे, हा हिशेब अधिक टिकतो. आणि त्या वीस मिनिटांत गहन चर्चा थोडी असते. रात्रीच्या दोन पाजण्यांपैकी एक वेळ मूल सांभाळून दुसरे कोणी सलग चार तास झोप देऊ शकेल काय, दिवसात एक तरी काम स्वतःच्या हौसेचे करता येईल काय, ‘मी वाईट आई आहे’ हे वाक्य मनात येते तेव्हा त्याला पुरावा कोणता, अशा लहान लहान गोष्टींवर त्या बोलतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकाला अपरिचित नाही. तिचा उपयोग येथे होतो, फक्त तिचे पांडित्य गोठ्याबाहेर ठेवावे लागते.

आता एक नाजूक प्रश्न. सुनेने समुपदेशिकेचा क्रमांक ‘शिलाई क्लास’ या नावाने साठवून ठेवावा, हे योग्य काय? नवऱ्यापासून लपवून चाललेला उपचार हा घर फोडणारा ठरणार नाही काय, असा आक्षेप शिष्ट माणसे घेतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. कारण लपवाछपवी उघडकीस आली तर तिची शिक्षा समुपदेशिकेला होत नाही, सुनेला होते. लेखिकेचा मार्ग मधला आहे. पहिले काही आठवडे गुप्तता पाळावी, मग त्या स्त्रीच्या पूर्ण संमतीने घरातला एकच माणूस निवडून त्याला हळूहळू भरवशात घ्यावे. तो नवराच असला पाहिजे असे नाही, पुष्कळ वेळा ती नणंद असते, आणि कित्येकदा, कोणाला खरे वाटणार नाही, सासूच. ज्या घरात मारहाण आहे तेथे मात्र ही घाई सर्वथा टाळावी, इतका दंडक तिने घालून दिला आहे. मला तो मान्य आहे. कुटुंबाचे ऐक्य राखण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या मौनावर टाकणे हा आपल्या समाजाचा जुना रिवाज आहे; उपचारकाने त्याला हातभार लावू नये.

या पद्धतीचा एक लाभ माझ्या आधी लक्षात आला नव्हता. पहिल्या बाळंतपणाची मुलगी माहेरी असते, मग सासरी जाते. आणि उदासीनतेची खरी ओझी पुष्कळदा सासरी पोहोचल्यावरच जाणवू लागतात. दवाखाना तिच्यामागे जात नाही, क्रमांक जातो. हेच ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघाला, की आशाताईच्या वहीतल्या नावापुढचा रकाना उन्हाळ्यापर्यंत रिकामाच राहतो. गरोदर किंवा ओली बाळंतीण अशा टोळीबरोबर पाचाटाच्या खोपटात राहते, तेव्हा तिचा माग घेण्याचे एकमेव साधन तिच्या नवऱ्याच्या खिशातला फोन असतो. रिचार्ज संपला की तेही नाही.

पुरुषांविषयी पुस्तिकेत तुलनेने थोडे लिहिले आहे, आणि ते उणेच वाटते. पुरुषाजवळ फोन असतो, शेताच्या बांधावर हवा तितका एकान्त असतो. नसते ते बोलणे. निजामाच्या अमलात १९४८ पर्यंत राहिलेल्या या मुलखात अर्जफाट्याची सवय इतकी मुरलेली, की मनाचे दुखणेदेखील माणूस कैफियतीच्या थाटात मांडतो: आधी पीककर्ज, मग सातबाऱ्यावरचा बोजा, मग भावकीचा बांधावरून चाललेला तंटा, मग बी.पी., मग झोप. आणि फोन ठेवता ठेवता, जणू काही विसरलेच होते असे, ‘बाकी काही नाही, जगण्यात राम वाटत नाही एवढंच.’ हे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठी आधीचा सगळा कारभार धीराने ऐकावा लागतो, आणि त्यातला काही भाग खरोखरच तहसिलीत किंवा बँकेत सुटणारा असेल तर कोणत्या दारी, कोणता कागद घेऊन जावयाचे हे सांगणे यासही लेखिका समुपदेशनच मानते. ज्यांना यात मानसशास्त्राचा अधिक्षेप वाटेल त्यांनी एकदा अशा माणसाशी अर्धा तास बोलून पाहावे.

या उपायाच्या हद्दीही आहेत, आणि त्या लेखिकेने स्पष्ट आखल्या आहेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणारे रडू व हळवेपण बहुतेक मातांना येते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्याला धीर व झोप पुरे. त्यापुढे टिकणारी उदासीनता मात्र उपचार मागते, आणि ती तीव्र असेल तर समुपदेशनाबरोबर औषधही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे असतात, ती डॉक्टरांनी ठरवावयाची. हजारांतून एखाद-दोघींना प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत जो उन्माद होतो, ज्यात झोप पूर्ण उडते, भास होतात, मुलाविषयी भलत्याच कल्पना मनात घर करतात, तेथे फोनवरून बोलत बसणे हा अपराध आहे. त्या घटकेस गुप्ततेचा करार संपतो. घरच्यांना कळवावे, १०८ ची गाडी बोलवावी, आई आणि मूल दोघांनाही एकटे सोडू नये, आणि त्या उन्मादास बाहेरची बाधा समजून तिला देवऋष्याकडे नेणाऱ्यांशी वाद न घालता ‘आधी दवाखाना, मग हवे तेथे जा’ एवढेच ठामपणे सांगावे. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील मनोविकार विभाग जसजसा सिद्ध होईल तसतसे अशा रुग्णेला नांदेडकडे किंवा नागपूरकडे धावडविण्याचे प्रसंग कमी व्हावेत, अशी अपेक्षा बाळगण्यास जागा आहे.

वाचकास एक सूचना करतो. पुस्तिकेची प्रकरणे विकारांच्या क्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे उदासीनतेची लक्षणे शोधणाऱ्यास ती चौथ्या प्रकरणापर्यंत सापडणार नाहीत. आशाताई, अंगणवाडीसेविका आणि नव्याने या कामात पडणारी मुले-मुली यांनी पहिली तीन प्रकरणे वगळून पुढे जाऊ नये. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी फोनवर पहिल्या पाच मिनिटांत विचारावयाच्या प्रश्नांची एक यादी आहे. ती पानातून कापून भिंतीवर चिकटवता यावी म्हणून लेखिकेने तिची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेविली आहे.